ठाण्यातील एक अभ्यासकेंद्र : प्रवेशापासून परीक्षेपर्यंत मिळणाऱ्या साहाय्याचा आढावा

नोकरी सांभाळून पदवी पूर्ण करू पाहणारे ठाणे आणि नवी मुंबईतले लोक मुक्त विद्यापीठाची चौकशी करताना आधी फी विचारतात आणि मग ही पदवी ‘चालते’ का, हे विचारतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र पदवी हाती पडणार की प्रवेशाची पावती कपाटात पडून राहणार, हे बहुतेक वेळा तिसऱ्याच गोष्टीवर ठरते, आणि ती म्हणजे आपल्याला मिळालेले अभ्यासकेंद्र, म्हणजे विद्यापीठाच्या वतीने प्रवेश, मार्गदर्शन आणि गृहपाठ पाहणारे स्थानिक केंद्र. मी कळव्याला राहते, रबाळे औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करते आणि ठाणे स्थानकापासून चालत जाता येईल अशा एका महाविद्यालयात भरणाऱ्या अभ्यासकेंद्रातून वाणिज्य शाखेच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या केंद्राने विद्यार्थ्यांना कशी साथ दिली आणि ती कुठे कमी पडली, हे प्रवेशाच्या तयारीत असलेल्यांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे. केंद्राचे आणि विद्यापीठाचे नाव मी दिलेले नाही, कारण पुढे ज्या उणिवा येतील त्या अनेक ठिकाणी आढळतात आणि त्यांवर खुलासा करण्याची संधी त्या कार्यालयातल्या माणसांना येथे नाही.

मान्यतेचा प्रश्न आधी संपवते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 साली स्पष्ट केले आहे की, मान्यताप्राप्त संस्थेतून मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने घेतलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते. अट एवढीच की, प्रवेश घेतो त्या वर्षासाठी तो अभ्यासक्रम आयोगाच्या मान्यतायादीत असला पाहिजे, आणि ही यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आयोगाच्या 2020 च्या नियमांनुसार अभियांत्रिकी, वैद्यक, विधी, औषधनिर्माण, परिचर्या, वास्तुकला यांसारखे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालवता येत नाहीत. त्यामुळे असा अभ्यासक्रम घरबसल्या करून देतो असे कोणी सांगत असेल, तर तिथेच थांबावे.

आता केंद्राविषयी. येथील सर्वांत चांगली सेवा प्रवेशाच्या खिडकीवरच मिळते, आणि तीच बाकीच्या ठिकाणी सर्वाधिक दुर्लक्षित असते. अर्ज पुढे केल्यावर केंद्राच्या संयोजक मॅडमनी कागदपत्रे तपासण्याआधी मला बसवून घेतले आणि कामाची वेळ काय, घरी लहान किंवा आजारी कोणी आहे का, शेवटची परीक्षा कधी दिली होती, गणिताची भीती वाटते का, असे प्रश्न विचारले. मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर हिशेब मांडला. मुक्त विद्यापीठांत एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे 30 तास धरले जातात, त्यात वाचन, गृहपाठ आणि केंद्रात शिक्षकांबरोबर होणारी संपर्कसत्रे सगळे आले. सहा महिन्यांच्या सत्रात 20 श्रेयांक घेतले तर 600 तास झाले. सहा महिन्यांचे 26 आठवडे धरले तर आठवड्याला सुमारे 23 तास, म्हणजे रोज तीन तासांहून थोडे अधिक. माझ्या पुढे उभा असलेला एक तरुण तुर्भ्याला पाळीची नोकरी करणारा होता. त्याला त्यांनी हाच हिशेब दाखवून सांगितले की, पदवी पूर्ण करायला किमान मुदतीपेक्षा बराच अधिक काळ मिळतो, तेव्हा पहिल्या सत्रात कमी विषयांची परीक्षा द्या, घाई करू नका. तीन वर्षांची पदवी जास्तीत जास्त सहा वर्षांत पूर्ण करण्याची मुभा इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने दिलेली आहे आणि इतर मुक्त विद्यापीठांतही अशी लवचीकता असते, परंतु ती आपल्या हक्काची आहे हे प्रवेशाच्या दिवशी सांगणारा माणूस भेटावा लागतो. प्रवेशाचा आकडा वाढवण्याच्या नादात हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही, आणि मग पहिल्याच सत्रात सगळे विषय अंगावर घेऊन माणूस बाजूला होतो.

या केंद्राचे वेगळेपण कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आपल्याकडे पदवीचे पत्रद्वारा शिक्षण 1962 साली दिल्ली विद्यापीठात सुरू झाले. मुंबई विद्यापीठाची दूरशिक्षण संस्था 1971 सालची आहे. या पद्धतीत छापील टिपणे टपालाने घरी यायची आणि बाकीचे विद्यार्थ्याने आपले आपण पाहायचे, असा साधारण व्यवहार होता. ब्रिटनमध्ये 1969 साली सनद मिळालेल्या मुक्त विद्यापीठाने यात मोठा बदल घडवला. छापील साहित्य आणि आकाशवाणी-दूरदर्शनवरील पाठ यांच्या जोडीला त्या विद्यापीठाने प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक शिक्षक नेमला, जो गृहपाठ तपासतो, त्यावर लिहून देतो आणि अडचण विचारतो. भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ 1982 साली हैदराबादला, राष्ट्रीय पातळीवरचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ 1985 साली आणि आपले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली स्थापन झाले, तेव्हा अभ्यासकेंद्रांचे जाळे हा त्या सर्वांच्या रचनेचा पाया होता. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले होते, आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. ज्ञानगंगा घरापर्यंत आणण्याचे काम छापखाना आणि संकेतस्थळ करू शकतात. घरात ती टिकवण्याचे काम मात्र केंद्रातल्या माणसांनाच करावे लागते. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी या पद्धतीतील अंतर मैलांत न मोजता शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात संवाद किती होतो यावर मोजले आहे, आणि ते किती खरे आहे हे येथे पटते. कळव्याहून ठाणे एका स्थानकावर आहे, तरीही पहिल्या वर्षी एका विषयाचे शिक्षक माझ्यापासून फार लांब होते.

त्याच विषयापासून संपर्कसत्रांकडे वळते. सत्रे रविवारी होतात, कारण नोकरदारांना दुसरा दिवस नाही. रविवार म्हटला की दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा वळत्या ठेवणारा मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आला आणि ट्रान्स-हार्बर मार्गावरही तीच गत. दिवा, मुंब्रा, डोंबिवली, बदलापूर, ऐरोली आणि घणसोलीहून येणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. माझ्या पहिल्या वर्षी सत्रे सकाळी अकराला सुरू होत. म्हणजे निम्मा वर्ग ब्लॉकमध्ये अडकून उशिरा यायचा आणि पहिला तास ज्यांना ऐकायलाच मिळाला नाही, त्यांना दुसरा तास कळायचा नाही. विद्यार्थ्यांनी लेखी विनंती केल्यावर संयोजक मॅडमनी वेळ सकाळी आठवर आणली. आता लोक ब्लॉक सुरू होण्याआधी पोहोचतात आणि परतीला थोडा वेळ गेला तरी शिकणे पूर्ण झालेले असते. हा बदल करायला एक रुपयाही खर्च आला नाही. विद्यार्थी कुठून आणि कशाने येतात, हे कोणीतरी विचारात घेतले, एवढेच त्याला पुरले.

सत्रांचा दर्जा मात्र सारखा नाही. पुस्तपालन शिकवणारे सर स्वतः अनेक वर्षे लेखापरीक्षणाचे काम केलेले आहेत. ते पुस्तकातला धडा पहिल्या पानापासून कधीच शिकवत नाहीत. ‘घरी वाचताना कुठे अडले?’ असे विचारून फळ्यावर अडलेल्या जागांची यादी करतात आणि दोन तास त्याच यादीवर काम करतात. दूरशिक्षणातला तास असाच असायला हवा, कारण पुस्तक स्वतः शिकता यावे असेच लिहिलेले असते आणि शिक्षकाची गरज जिथे ते अपुरे पडते तिथेच असते. याउलट अर्थशास्त्राच्या सत्रांत पहिल्या वर्षी पुस्तक मोठ्याने वाचून दाखवले जात असे. तीन परिच्छेद वाचून ‘हे महत्त्वाचे आहे’ म्हणायचे आणि पान उलटायचे. पावसात डोंबिवलीहून आलेला माणूस असे वाचन ऐकून गेला की पुढच्या रविवारी येत नाही, आणि हजेरी घटली की केंद्राला वाटते विद्यार्थ्यांनाच गरज नाही. हे शिक्षक पुढे बदलले, पण नियमित महाविद्यालयात उत्तम शिकवणाऱ्या प्राध्यापकांनाही अशा वर्गाची वेगळी तयारी करून दिली पाहिजे, ती मिळते असे मला दिसले नाही.

गृहपाठांविषयी अधिक लिहिणे भाग आहे, कारण विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यात जो काही लेखी संवाद होतो तो येथेच. माझ्या शेजारी बसणाऱ्या अंबरनाथच्या मैत्रिणीची वही मी पाहिली आहे. बँक जुळवणी पत्रकाच्या (आपल्या रोख पुस्तकातली आणि बँकेच्या पासबुकातली शिल्लक का जुळत नाही ते दाखवणाऱ्या पत्रकाच्या) गणितात तिने रोख पुस्तकाच्या शिलकेतून सुरुवात केली होती आणि दिलेले पण बँकेत सादर न झालेले धनादेश वजा केले होते. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी त्या ओळीवर लाल फुली आणि शेजारी गुण, एवढेच मिळाले असते. येथे सरांनी समासात लिहिले होते : ‘धनादेश तुम्ही दिला, म्हणून तुमच्या रोख पुस्तकात रक्कम कमी झाली. पण तो बँकेपर्यंत पोहोचलाच नाही, तर पासबुकात ती रक्कम आहे की गेली? आता सांगा, मिळवायची की वजा करायची?’ खाली एक छोटे उदाहरण होते आणि ते सोडवून पुढच्या रविवारी दाखवा असे लिहिले होते. तिने ते सोडवले आणि पुढे त्या प्रकारच्या गणितात ती अडली नाही. चूक नेमकी कुठे झाली, तिच्यामागचा विचार काय असावा आणि पुढचे पाऊल कोणते, हे तिन्ही त्या चार ओळींत आले. घरी एकटा अभ्यास करणाऱ्याला वर्गातल्यासारखे शेजारच्याचे उत्तर पाहून आपले तपासता येत नाही, म्हणून अशा चार ओळींना नियमित महाविद्यालयापेक्षा इथे कितीतरी अधिक मोल आहे. दुर्दैवाने सर्व विषयांत असे होत नाही. व्यवसाय संघटनेचे गृहपाठ एका सत्रात आम्हाला परीक्षा उलटून गेल्यावर परत मिळाले, त्यांवर फक्त गुण होते. परीक्षेनंतर परत आलेला गृहपाठ शिकण्याच्या कामाचा नसतो. परीक्षेआधी निदान एक तपासलेला गृहपाठ हाती पडलाच पाहिजे, असा दंडक केंद्राने स्वतःसाठी घालून घ्यावा.

तयार गृहपाठ विकणाऱ्यांचा उल्लेख करावा लागतो. अनेक विद्यापीठांच्या गृहपाठांची लिहिलेली उत्तरे दुकानांत आणि मोबाइलवर विकत मिळतात. विद्यार्थ्यांना याचा दोष देण्याआधी केंद्रांनी विचार करावा, कारण ज्या वहीवर कोणी काही लिहीतच नाही ती वही स्वतः लिहिण्याची प्रेरणा कमी होत जाते. सरांच्या विषयात विकतचे उत्तर कोणी देत नाही. रविवारी त्याच उत्तरावर समोरासमोर बोलावे लागते, हे सर्वांना माहीत आहे.

ज्या गोष्टीसाठी मी हे केंद्र इतरांना सुचवते, ती आता सांगते. संयोजक मॅडमच्या टेबलावर एक लांब रजिस्टर असते. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे तीन रकाने आहेत : पुस्तके मिळाली, पहिल्या संपर्कसत्राला आला, पहिला गृहपाठ दिला. सहामाही सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी ज्याच्या नावापुढे दोन रकाने कोरे दिसतात, त्याला त्या स्वतः फोन करतात. संगणकावर अशी यादी एका क्षणात निघू शकते, पण त्यांचा विश्वास त्या रजिस्टरवर आहे, आणि ते काम करते हे मी पाहिले आहे. दूरशिक्षणातली गळती सर्वाधिक सुरुवातीच्या महिन्यांतच, पुष्कळदा पहिला गृहपाठ देण्याआधी होते, हे या क्षेत्रात अनेक दशकांपासून मान्य असलेले निरीक्षण आहे. सोडून जाणारा विद्यार्थी अर्ज देऊन जात नाही, तक्रारही करत नाही. तो फक्त दिसेनासा होतो. म्हणून तक्रारपेटी आणि मदतक्रमांक कितीही चांगले असले तरी या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाहीत, कारण त्यांचा उपयोग करायला आधी बोलण्याचे बळ लागते.

भिवंडीजवळच्या एका गोदामात काम करणारी आमच्या तुकडीतली मुलगी अशीच थांबली होती. तिच्या गोदामात सणाच्या दिवसांत रविवारची सुट्टी रद्द झाली, दोन संपर्कसत्रे बुडाली आणि आता आपल्याला जमणार नाही असे तिने मनाशी ठरवले. मॅडमचा फोन गेला तेव्हा त्यांनी अभ्यास का केला नाही, असे विचारले नाही. ‘पुस्तके हातात पडली का? कुठल्या धड्यापर्यंत आलात?’ एवढेच विचारले. पुस्तके पत्त्यात चूक असल्याने परत गेली होती, ही गोष्ट त्या बोलण्यातून बाहेर आली. मॅडमनी केंद्रातल्या प्रतींतून तिला दोन पुस्तके दिली, गृहपाठाची मुदत वाढवण्याचा अर्ज तिच्याकडून लिहून घेतला आणि माझ्यासह तिघींना तिच्याबरोबर अभ्यासगटात जोडले. तळावपाळीजवळच्या एका शांत अभ्यासिकेत आम्ही शनिवारी संध्याकाळी बसू लागलो. आज ती आमच्याबरोबर तिसऱ्या वर्षात आहे. तिच्यासाठी केंद्राने खर्च केला तो एका फोनचा आणि एका अर्जाचा, पण तो वेळेवर केला.

अशा कामाला वेळ लागतो, आणि तो वेळ मॅडमना आपल्या नेहमीच्या अध्यापनाच्या कामातून काढावा लागतो. त्या सुट्टीवर होत्या तेव्हा एका सहामाहीत रजिस्टर कोणी उघडले नाही. केंद्राची ही सेवा एका व्यक्तीच्या सद्भावनेवर टिकलेली आहे आणि तिची बदली किंवा निवृत्ती झाली तर ती तशीच राहील याची खात्री मला वाटत नाही. पहिल्या सहा आठवड्यांत प्रत्येक नव्या विद्यार्थ्याशी एकदा बोलणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले आणि मानधन असलेले काम असायला हवे.

उणिवा आणखी आहेत. कार्यालयाचा दूरध्वनी दुपारी बहुतेक उचलला जात नाही, त्यामुळे नोकरीतून अर्धा दिवस रजा काढून प्रत्यक्ष जावे लागते. सत्रांच्या वेळेतील बदल व्हॉट्सअ‍ॅप गटावर रात्री उशिरा येतात आणि ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना ते कळतच नाहीत. पाळीच्या नोकरीवाल्यांसाठी सत्रांचे ध्वनिमुद्रण करून ठेवण्याची मागणी आम्ही केलेली आहे. मोबाइलवर आवाज मुद्रित करायला फारसे काही लागत नाही, तरी अजून ते सुरू झालेले नाही.

सर्वांत खटकणारी गोष्ट अपंग विद्यार्थ्यांची आहे. वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो आणि रविवारी लिफ्ट बंद असते. कुबड्या घेऊन येणारा एक विद्यार्थी जिन्याच्या कठड्याला धरून वर यायचा. वर्ग तळमजल्यावर हलवायला त्याच्यासाठी अर्ज करावा लागला, आणि तो मंजूर होईपर्यंत तो तसाच जिना चढत राहिला. दृष्टिहीन विद्यार्थिनीला मिळालेली पूरक टिपणे छापील पानांची छायाचित्रे काढून बनवलेली होती, ती तिच्या फोनमधल्या वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला वाचता येत नव्हती. मजकूर पुन्हा टंकलिखित करून दिला की प्रश्न सुटतो, आणि आम्ही काही जणांनी तो आपापसांत वाटून तसा करूनही दिला, परंतु हे सहाध्यायांवर सोपवण्याचे काम नाही. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने शिक्षणात सुगम्यतेची जबाबदारी संस्थांवर टाकलेली आहे. मुक्त विद्यापीठाकडे असे विद्यार्थी मोठ्या आशेने येतात, कारण नियमित महाविद्यालयाचे दार त्यांच्यासाठी पुरेसे उघडलेले नसते.

परीक्षेची व्यवस्था व्यवस्थित आहे, बैठकक्रमांक वेळेवर लागतात, त्याविषयी वेगळे लिहिण्यासारखे नाही. ग्रंथालय रविवारी बंद असते. संदर्भग्रंथ लागले तर मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासदत्व घ्यावे. 1893 सालापासून चालत आलेली ही ठाण्याची संस्था वाणिज्याच्या विद्यार्थ्यालाही बराच आधार देते.

माझा सल्ला असा की, नियमित पगारी नोकरी, रविवारी मोकळीक आणि रोज सुमारे तीन तास काढण्याची तयारी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी या केंद्राचा विचार करावा. फिरत्या पाळीत काम करणाऱ्यांनी ध्वनिमुद्रणाची सोय झाली आहे का ते विचारून मगच प्रवेश घ्यावा. कोणत्याही केंद्रात अर्ज भरण्याआधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्याची तपासलेली वही पाहायला मागावी, सत्रांचे मागील वर्षीचे वेळापत्रक मागावे आणि विद्यार्थी दोन महिने आला नाही तर तुम्ही काय करता, हे स्पष्ट विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या केंद्रात रजिस्टर उघडून दाखवले जाते. पुढच्या सत्राच्या प्रवेशाच्या वेळी मी स्वतः तिथे मदतीला बसणार आहे, कारण नव्याने येणाऱ्यांना तो 600 तासांचा हिशेब सांगायला दुसरे कोणी तरी लागणार आहे आणि मॅडमनी आमच्या तुकडीतल्या काही जणांना तसे विचारले आहे.